बंद घराचं बिल

सांगलीचं घर बंद करून आम्ही साताऱ्याला मुलीजवळ राहायला आलो, तरी त्या घराचं वीजबिल मोबाइलवर येतच राहिलं. सुरुवातीला मी ते न वाचताच भरत होतो. मग एकदा वाचलं आणि माझ्यातला निवृत्त प्राध्यापक जागा झाला. घराला कुलूप, फ्रिज विकलेला, दिवे बंद. मग ही वीज जाळतं कोण?

मी अर्ज लिहिला. इतरांच्या लिखाणातल्या 'सदर', 'उपरोक्त' आणि 'खेदाने नमूद करावेसे वाटते' यांची मी आयुष्यभर टिंगल केली. माझ्या अर्जात ती तिन्ही होती. चांगली दोन पानं झाली. मीटर सदोष आहे असा निष्कर्षही मीच काढला आणि जोडणी कायमची तोडावी, अशी मागणी केली.

एसटीनं सांगलीला जाऊन तो स्वतः दिला. वीज कार्यालयातल्या बाईंनी पहिलं पान पाहिलं. दुसरं उलटलं नाही.

"सर, मीटर तपासायचं की काढायचं?"

"बंद घरात वापर कसा होतो, ते आधी सांगा."

"ते तुम्ही सांगायचं ना. घर तुमचं."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. "काढा," मी म्हणालो.

साताऱ्याला परतलो तो लढाई मारल्यासारखा. बायकोनं विचारलं, "घराकडं जाऊन आलात का? खाली चाचांना भेटलात?" वेळच झाला नाही, म्हणालो. वेळ होता. भडंग घ्यायला मी अर्धा तास थांबलो होतो.

त्याच आठवड्यात चाचांचा फोन आला. चाचा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. गाद्या-उशा भरायचा त्यांचा धंदा.

"सर, बोअरची मोटर बंद पडलीया. वायरमन तुमचं मीटर काढून घिऊन गेला. परवा नातीचा निकाह हाय, दारात मांडव पडलाय, आन् घरात पाण्याचा थेंब न्हाई. तुमी जरा हापिसात बोला की."

आता सगळं आठवलं. पुरात खालचं मीटर बुडालं तेव्हा बोअरची मोटर आमच्या वरच्या मीटरला जोडली होती. नळाला पाणी करंगळीएवढं. दोन्ही घरं त्या बोअरवर. चाचा आपला वाटा दर महिन्याला वर आणून द्यायचे. आम्ही घर सोडताना गल्लीनं माझा सत्कार केला. सत्कारांवर मी बरंच कुत्सित लिहिलं आहे, पण खांद्यावर शाल पडली की माणसाला बोलावंसं वाटतं. "चाचांनी आता वाटा द्यायचा नाही," मी माइकवर जाहीर केलं, "मोटरचं बिल मी भरणार!" टाळ्या पडल्या. त्या थांबल्या तसा मी ते विसरलो.

अर्ज माझाच होता, हे मी फोनवर सांगितलं नाही. "बघतो," एवढंच म्हणालो.

सकाळी पहिल्या गाडीनं गेलो. कार्यालयातल्या बाईंनी ओळखलं. आता नवा अर्ज, मग पाहणी, मग मीटर. निकाहाच्या आधी काही होणार नव्हतं. "कायमची तोडा म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. तेही रागानं नाही.

चाचा मांडवात खुर्च्या मोजून घेत होते. एरवी मी चप्पल काढायच्या आत "या सर" म्हणणाऱ्या चाची बाहेर आल्या नाहीत.

"चाचा, तो अर्ज जो होता..."

"व्हय, वायरमननं सांगितलं. दोन पानी हाय म्हनं. लय भारी ल्हिलाय, पर कायबी कळलं न्हाई म्हनला."

"मग फोनवर का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुमी आला असता व्हय?" त्यांनी आत हाक मारली. "आगं, सर आल्यात. चहा टाक."

"पानी कुठनं आणू चहाला?" आतून चाचींचा आवाज आला. "त्यास्नीच इचारा."

मी टँकर शोधायला निघालो. लग्नसराईत टँकर मिळणं सोपं नव्हतं; तिघांनी नाही म्हटलं, चौथा निकाहाच्या दिवशी सकाळी यायला तयार झाला. आला, पण मांडवामुळं गल्लीत शिरेना. तोंडाशीच पाइप लावून आम्ही पिंपं भरली आणि हातगाडीवरून आत नेली. चाचांचा जावई ओढत होता, मी मागून ढकलत होतो. निदान मला तरी ते ढकलणं वाटत होतं.

दुपारी मांडवाच्या तोंडाशी पिंपाजवळ मी तांब्या घेऊन उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. आत जाऊन बसायला मन धजत नव्हतं. येणाऱ्या पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होतो. म्हसवडहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं हात पुसत विचारलं, "हे कोण म्हणायचं?"

"आमचे वरचे सर," चाचा म्हणाले. "पाण्याचं खातं त्यांच्याकडं हाय."

पाहुणे हसले. हा टोमणा होता की मला चार लोकांत झाकून घेणं होतं, ते चाचांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. दारातून बघणाऱ्या चाची हसल्या नाहीत.

शेवटच्या पंगतीला चाचांनी मला हाताला धरून बसवलं. मटण झणझणीत होतं, डोळ्यांत पाणी येईल इतकं. समोरचा ग्लास मी एकदम रिकामा केला. पाणी वाढणारा दोनदा जवळून गेला. पुन्हा पाणी मागायचा मला धीर झाला नाही.