वान्हा

२०१६च्या विंटरमध्ये, स्कारबरोला, शेजारच्या फिनिश आजींनी मला ‘वान्हा’ हा शब्द शिकवला. वान्हा म्हणजे जुना. ‘जुन्या घरात’ म्हणायचं तर ‘वान्हास्सा तालोस्सा’. घराला लागलेला प्रत्यय त्याच्या विशेषणालाही लावावाच लागतो.

“ही दुप्पट कटकट कशाला?” मी वैतागलो. “एकाला लावला की झालं ना!”

त्यांनी मला सूप वाढलं. अगदीच अळणी होतं. डॉक्टरांनी नवऱ्याचं मीठ बंद केलं, तेव्हापासून आजींनी स्वतःचंही सोडलं होतं.

डायलिसिसमुळे माझ्या बायकोला एका वेळी अर्धाच कप चहा चालायचा. माझा मग मात्र काठोकाठ असायचा. त्या संध्याकाळी मी माझाही अर्धाच ओतला.