ठकीचे फोन

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापुढे तर मी डब्यातली भाजी कुत्र्याला घातली तरी कबूल करतो. आज तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

मी दिल्लीत बसून समुद्राचं काम करायचो. हसा, सगळेच हसतात. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेला समुद्र नाही, विमानतळ आहे. पण बंगालच्या उपसागरात आमचं एक यंत्र होतं — माणसाएवढं लांब, पिवळं, दोन पंखांचं. आपलं आपण खोल जायचं, आपलं आपण वर यायचं. नाकावर दोन सुया. त्यांनी पाण्याची थरथर मोजायची. वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी कुठे घुसळलं जातं, ते त्यावरून कळतं. दर सहा तासांनी ते पाण्यावर येऊन उपग्रहामार्फत आम्हाला फोन करायचं, आम्ही ठेवलेली सूचनांची फाइल उचलायचं आणि पुन्हा बुडी मारायचं. वैशालीनं त्याचं नाव ठेवलं होतं ठकी. लाकडी बाहुलीसारखी गप्प, म्हणून.

वैशाली परभणीची. मुनिरकात खोली घेऊन राहायची, आमच्याकडे कंत्राटावर होती. सकाळची पाळी माझी, दुपारची तिची. लॉगिन दोघांचं एकच, म्हणून नियमही एकच — फाइल बदलली की वहीत लिहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं.

तर — ठकी खाली जाताना एक बारीक आवाज काढायची. तळ किती लांब आहे, हे तिला त्याच्या पडसादावरून कळायचं. तोच आवाज सुयांच्या नोंदीत टिकटिकत राहायचा, आणि मला त्या टिकटिकीचा मनस्वी राग यायचा. मला स्वच्छ नोंद हवी होती, सगळ्यांची तोंडं बंद करणारी. एके दिवशी पाळी संपताना मी फाइलमध्ये तो आवाज बंद केला. एकाच बुडीपुरता. वहीत लिहिलं नाही. विसरलो? नाही हो. प्रवाह ठकीला किनाऱ्याजवळच्या उताराकडे रेटत होता, ते मला दिसत होतं. लिहिलं असतं तर वैशालीनं अडवलं असतं.

ठकीनं ती फाइल दुपारी उचलली, वैशालीच्या पाळीत. ‘तळाचा आवाज बंद’ अशी पोचही दिली, ती वेळेवर कुणी वाचली नाही. मग बुडी मारली, ती वर आलीच नाही.

संध्याकाळी सगळे ठकीच्या फोनची वाट बघत होते, तेव्हा मी कोपऱ्यातल्या संगणकावर जुनी फाइल पुन्हा जागेवर ठेवली. आता बदललेली फाइल, बदल कधी केला त्या वेळेसकट, जगात एकाच ठिकाणी उरली होती. ठकीच्या पोटात.

चौकशीत साहेबांनी एवढंच विचारलं, “शिफ्ट किसकी थी?”

“मेरी, सर,” वैशाली म्हणाली. ठकीची पोच तिच्याच पाळीतली होती, आणि आदल्या दिवशी तिनं त्याच फाइलमध्ये काही सुधारणा केल्या होत्या. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “मीच केलं असेल हो सर. पण मग मला आठवत कसं नाही?” मी काय केलं? तिला प्यायला पाणी आणून दिलं. तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

दीड महिन्यानं संक्रांत आली. आमच्या मराठी मंडळाची बस दरवर्षीसारखी पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला गेली. वैशालीही होती, पुढच्या आठवड्यात ती दिल्ली सोडणार होती. धुकं असं की स्मारकाचा खांब दहा पावलांवरून दिसेना. कुणीतरी परत न आलेल्यांबद्दल बोलत होतं. आणि माझ्या खिशातला मोबाइल थरथरला.

ठकी होती.

तिचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे होतं, आळसानं राहिलं होतं. निरोपाच्या यादीतून बाकीच्यांचे नंबर कधीच काढले गेले होते. म्हणून तो निरोप एकट्या माझ्याकडे आला. पाण्यावर आहे. अमुक ठिकाणी आहे. सूचनेच्या प्रतीक्षेत. चिखलात रुतली असणार, आणि कशी कोण जाणे, सुटली होती. सोबत नोंदींचा एक तुकडा होता. चिखलात निपचित पडलेल्या यंत्राच्या सुयांची रेघ सरळ हवी की नाही? ती सरळ नव्हती. ठरावीक वेळानं एक हलकी थरथर — बाहेरून कुणी हात फिरवावा तशी — दीड महिना. ते काय होतं, मला आजही माहीत नाही.

“घ्या ना सर,” वैशाली समोर उभी होती, हातात तिळगुळाचा डबा. “तिळगूळ घ्या, गोड बोला.”

एक वाक्य बोलायचं होतं. ठकी सापडली, एवढंच. ती उघडली की फाइल बदलल्याची वेळ दिसली असती, आणि ही मुलगी सुटली असती. मी लाडू तोंडात टाकला आणि मान हलवली. खिशात मोबाइल पुन्हा थरथरला.

त्यानंतर दर सहा तासांनी फोन आला. जेवताना, भाजी घेताना, मेट्रोत. दर वेळी जागा थोडी सरकलेली, शब्द तेच. सूचनेच्या प्रतीक्षेत. एक होडी, एक दिवस — तेवढ्यात काम झालं असतं. मी नकाशावर ठिपका बघायचो आणि मोबाइल पालथा ठेवायचो. बायको म्हणायची, “कोणाचा आहे रे सारखा?” मी म्हणायचो, कंपनीचे फोन, कर्ज हवंय का विचारतात.

वैशाली आता परभणीत शिकवण्या घेते. दर संक्रांतीला तिचा मेसेज येतो, आणि मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतो. आपल्या हातून ठकी गेली, असं ती अजून समजते.

ठकी अकरा दिवस फोन करत होती. बाराव्या दिवशी सकाळी फोन आला नाही. दुपारीही नाही. मी संध्याकाळपर्यंत मोबाइल हातात धरून बसलो, आणि मग मला हायसं वाटलं.