पाचव्या माळेनंतर

आमची पोस्ट काश्मीरात, देवदाराची झाडं विरळ होतात तिथं. मी हवालदार, सेक्शन कमांडर. हाताखाली दहा जवान, सगळे मराठी मुलखातले. शिवाय अँथनी, केरळचा रेडिओ ऑपरेटर. तो सिग्नल्सचा, आमच्याकडं नुसता अटॅच्ड. तुम्हा सिव्हिलवाल्यांना सांगतो, अटॅच्ड माणूस म्हणजे पाहुणा. जेवतो आपल्यात, पण पलटण त्याची वेगळी.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात उभं राहायचं, मग चहा, शस्त्रसफाई, शेजारच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे पायी गस्त, आणि परत. लोकांना वाटतं सीमेवर रोज गोळ्या चालतात. कुठल्या आल्यात गोळ्या! रोज बटाटे सोलावे लागतात.

लान्स नाईक काशिनाथ कन्नडच्या घाटाजवळचा. गावच्या टेकडीवर रेणुकाआईचं मंदिर. बाप लहानपणीच गेलेला, घरी आई एकटी. त्या वर्षी नवरात्राला त्याची रजा नामंजूर झाली, तर माउलीनं पार्सल धाडलं. शेतातली काळी माती, मूठभर गहू आणि देवीचं कुंकू. पठ्ठ्यानं बंकरातच घट बसवला. मेस टिनमध्ये माती घालून गहू पेरले, मधोमध पाण्याचा लोटा ठेवला. घटावर रोज एक माळ सोडायची. फुलं कुठली तिथं? देवदाराचे शेंडे दोऱ्यात ओवायचा. थंडीनं गहू उगवेना म्हणून टिन बुखारीला, म्हणजे आमच्या रॉकेलच्या शेगडीला चिकटवून ठेवलं.

मी ओरडलो, "काश्या, ही पोस्ट हाय का नर्सरी?"

"उस्ताद, आई विचारती फोनवर. घटातलं धान उंच आलं तर साल चांगलं जातंय म्हणं."

"सालाचं जाऊ दे, माझं रॉकेल चाललंय त्यात!"

हसला नुसता. लई गोड हसायचा मेला.

पाचव्या दिवशी सकाळी माळ घालून तो पेट्रोल घेऊन निघाला. रात्रभर बर्फाळ पाऊस पडला होता. दहाच्या सुमाराला रेडिओ सेट बोलला.

"बेस, पेट्रोल बोलतोय. रस्ता ढासळलाय. काशिनाथ खाली गेला. ओव्हर."

"बाकीचे? ओव्हर."

"बाकी ठीक. काशिनाथ आवाज देत नाय. ओव्हर."

दोर घेऊन आम्ही पोचलो. मागच्यांना जागेवर थांबवून तो एकटा वाट तपासायला पुढं झाला होता. नियमच तो. दगडांखालून काढला तेव्हा संपलेला होता. दोर बांधून वर घेतला. दुपारी हेलिकॉप्टर आलं आणि त्याला घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी पलटणीच्या सीओ साहेबांनी त्याच्या आईशी फोन जोडून दिला. म्हातारी रडत नव्हती. 

"बाबा, घरात सुतक लागलं. माझ्या हातानं आता देवाचं कायबी व्हायचं नाय. इथल्या घटाला शेजारीण माळ घालती. तिथला कोण बघतंय?"

"मी बघतो, मावशी."

"त्याच्या हातानं मांडलेला हाय रे. अर्ध्यात उठवू नका."

शब्द देऊन बसलो. बंकरात आलो, शेंडे ओवले, माळ उचलली, तर पोरं वाटेत उभी.

"उस्ताद, तुम्हाला नाय चालत. सुतक हाय."

"कसलं सुतक रे? माझं काय रक्ताचं नातं होतं?"

आमचा स्वयंपाकी महादू तीन दिवस बोलायचा नाही असा माणूस. तो म्हणाला, "एका ताटात जेवलो, एका पांघरुणात झोपलो. सुतक भावकीला लागतंय. मग आपण कोण?"

 खरंच, कुणीच सकाळी दाढी केली नव्हती, कुणी तसं सांगितलं नव्हतं तरी. मी चिडलो, कारण रडू येत होतं. "मग मावशीला काय सांगू? तुमच्या पोराचा घट तसाच वाळवला म्हणून सांगू?"

कोपऱ्यातनं अँथनी उठला. हेडफोन गळ्यातच. त्याला मराठी येत नव्हतं, पण सगळं समजलं असावं.

"उस्ताद, मैं तो अटॅच्ड हूं. मेरे को चलेगा क्या?"

सगळ्यांनी महादूकडं पाहिलं. महादू म्हणाला, "चालतंय की. भावकीबाहेरचाच पाहिजे."

अँथनीनं हात धुतले, बूट काढले. गळ्यातला क्रॉस शर्टाच्या आत सरकवायला लागला. मी म्हणालो, "राहू दे, आईला सगळी लेकरं ओळखू येतात." त्यानं सहावी माळ घातली. मग रोज तोच घालायचा. मी उंबऱ्यात उभा राहून सांगायचो, पाणी जरा कमी शिंपड, मुळं कुजतील. आठव्या दिवशी रॉकेल संपत आलं, तर गड्यानं स्वतःचा पार्का, अंगातला जाड कोट, टिनभोवती गुंडाळला आणि ड्यूटीवर कुडकुडत बसला. दसऱ्याला धान वीतभर झालं होतं. दरसाल ते टोपीत खोवतात. आमचं सुतक फिटलं नव्हतं, कुणी खोवलं नाही. डब्यात भरून ठेवलं.

रजा मिळाल्यावर आधी कन्नड गाठलं, माझं घर नंतर. मावशी टेकडीवर देवळाच्या पायरीशी भेटली. डबा हातात दिला. तिनं वाळलेलं धान बोटांनी मोजल्यासारखं चाचपलं.

"माळा तू घातल्या?"

"नाय मावशी. आमच्यातल्या पाहुण्यानं घातल्या."

"तू का नाय?"

"आम्हाला सुतक होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "दहा दिवस पाळलं?"

"व्हय. सगळ्यांनी."

तेव्हा कुठं ती रडली. पदर तोंडात कोंबून, पायरीवर बसून, लहान पोरासारखी. मी शेजारी बसलो आणि मीही रडलो. मग डोळे पुसून म्हणाली, "भावकीतल्या दर घरचा एक गडी अष्टमीला आईपुढं पेटता पोत धरतो. आमच्या घरचा कोण धरणार आता? सुतक पाळलंस, तर हेही तुझ्याच गळ्यात."

मी तिच्या पाया पडलो.

रिटायर झालो, शहरात उस्मानपुऱ्यात राहतो. महादूही अधूनमधून येतो. अँथनी नवरात्रात गावाकडनं फोन करून धान किती आलं विचारतो. मावशी गेल्या साली गेली, तेव्हाही दहा दिवस पाळले.

दर अष्टमीला काशिनाथच्या गावी जातो. संध्याकाळी गुरव देवळासमोर एकेका घराचं नाव पुकारतो. बायका कुजबुजायच्या थांबतात. तो म्हणतो, "काशिनाथच्या घरचा पोत!"

मी पुढं होतो, चप्पल कधीच काढलेली असते, आणि पलटणीत देत होतो तसा आवाज देतो, "हाजिर!"