शाळेच्या वळणावरचा डंपर

आमच्या गावात डंपर हॉर्नवरून ओळखतात. कुणाचा, कुठल्या आळीचा, हे शेंबडं पोरही सांगतं. पण तक्रारीत हॉर्न लिहून चालत नाही. बंदराकडे भरधाव जाणाऱ्या डंपरखाली शाळेच्या वळणावर एका मुलीची सायकल गेली. मुलगी गटारात फेकली गेली म्हणून वाचली. अशा भरधाव डंपरांचे मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन मी परिवहन कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "यात नुसता पिवळा पट्टा दिसतोय. नंबर कुठाय?"

बाबा गावच्या प्रश्नांवर पत्रकं छापून वाटतात; मी त्या पत्रकांच्या घरात वाढले. पुरावा नसलेली ओळ छापायची नाही, हा बाबांचा नियम. त्यामुळे नंबर मिळेपर्यंत पत्रकही अडलं.

हळदीचे फोटो काढणाऱ्या मित्राने कॅमेरा दिला. "शटरचा वेग एक हजाराच्या खाली आणू नको, नाहीतर गाडी पुसट येईल," तो म्हणाला. "फोटो दाणेदार आला तर येऊ दे. आणि नाचणाऱ्याच्या मागे धावायचं नाही. तो जिथे येणार तिथे आधीच फोकस धरून ठेवायचा."

"हा नाचणारा वीस टनांचा आहे."

"मग दोन हजार ठेव," तो हसला.

सकाळी सात वाजता मी वळणाच्या कोपऱ्यावर उभी राहिले. नंबरपाटीवर चिखल फासलेला असतो, पण दारावरही नंबर रंगवलेला असतो. मला तोच हवा होता. आधी पायाखालची माती हलली, मग हॉर्न आला. तो मी ओळखला. आमच्याच आळीतला. वाटलं, पळावं. कॅमेऱ्यातून बघताना गाडी लांब वाटते आणि मग एकदम अंगावर येते. मी बटण दाबून धरलं. वाऱ्याने ओढणी तोंडावर आली. डंपर गेल्यावर मी रस्त्याकडेलाच खाली बसले.

घरी फोटो मोठा करून पाहिला. दारावरचा प्रत्येक आकडा स्वच्छ. चाकाने उडवलेला खडासुद्धा हवेत थांबलेला. आणि खिडकीतून तो, आमच्या आळीतला ड्रायव्हर, सरळ माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी तो दारात आला. बाबा आत होते.

"तात्या हायत का? न्हाय, तुझ्याकडंच आलो, बाय. फोटो काढलास म्हणं माझा. बघू तरी, बरा आलाय का."

मी कॅमेरा पुढे केला, हातातून सोडला मात्र नाही. तो वाकून बघू लागला.

"हात तर बघ कसा कापतोय तुझा. मग फोटो कसा हलला न्हाय?"

मी कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळला.

"उडव तो."

"नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "नाही उडवणार. पत्रकात नंबर येणार. फोटोतून तुझं तोंड तेवढं कापून टाकते."

तो पायरी उतरला आणि वळून म्हणाला, "त्या कोपऱ्यावर नको उभी राहूस. वळताना मागची चाकं आत येतात. डायवरला काय दिसत न्हाय."

धमकी होती की काळजी, मला अजून ठरवता आलेलं नाही. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "दोन्हीही असेल. जागा बदल."

पत्रक निघालं. त्याचा नंबर पहिल्या ओळीत आहे. बाकीच्या गाड्यांसाठी मी आता शाळेच्या भिंतीआड उभी राहते. तिथून खिडकीतला माणूस दिसत नाही. फक्त हॉर्न ऐकू येतो, आणि त्याचा असला की बोट बटणावर गोठतं. त्याच्या गाडीचा दुसरा फोटो मला अजून काढता आलेला नाही.