बशीरभाईंची पट्टी

मानवजातीच्या भवितव्याचा काही भाग आमच्या कॉलेजात जिन्याखालच्या खोलीत ठेवलेला आहे. मूलपेशी संशोधन केंद्राच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी तसं जाहीरच केलं होतं. त्याआधी त्या खोलीत व्हॉलीबॉलचं जाळं आणि एक मोडका कॅरम बोर्ड असे. भवितव्यासाठी त्यांना वरच्या मजल्यावर हलवण्यात आलं.

माझं ग्रंथालय त्या खोलीच्या शेजारीच. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी मी सकाळी कुलूप काढत होतो, तर शेजारच्या खोलीत एक साठीचा माणूस दुधाच्या कॅनसारख्या भांड्यात लाकडी पट्टी बुडवून उभा होता. थोड्या वेळाने त्याने पट्टी बाहेर काढली, अगरबत्ती विझवावी तशी हवेत हलवली आणि चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे बघत राहिला. पट्टीच्या खालच्या भागावर पांढरा पापुद्रा धरला.

"नऊ बोटं," तो मला म्हणाला, जणू मी विचारलंच होतं. "आज नाय भरला तरी चालंल."

"काय आहे त्यात?"

"नायट्रोजन. लय गार. बोट घातलं तर बोट कामातून गेलं. ह्यात मॅडमच्या पेशी ऱ्हानार." मग पट्टी फडक्यात गुंडाळत म्हणाला, "आमच्याकडं वळू असायचे."

हे बशीरभाई. पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षं त्यांनी दिंडोरी तालुक्यातल्या गाईंचं कृत्रिम रेतन केलं. मोटारसायकलच्या मागे असाच कंटेनर बांधून, त्यात गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या घेऊन, ते गोठ्यागोठ्यातून हिंडत. केंद्राच्या प्रमुख क्षमा मॅडम यांनी कंटेनर घेतला तेव्हा तो सांभाळणारं कॉलेजात कोणी नव्हतं. विक्रेत्याने एक जाड इंग्रजी पुस्तिका दिली होती. ती मी वाचली. पट्टी बुडवा, हलवा आणि पांढरी रेघ कुठवर आली ते बघा, एवढंच सांगायला तिने चाळीस पानं घेतली होती. बशीरभाई सेवानिवृत्त आहेत असं कळल्यावर मॅडम स्वतः त्यांच्या घरी गेल्या.

उद्घाटनाला प्राचार्यांची इच्छा होती की कंटेनरचं झाकण उघडं राहावं. पांढरं धुकं फोटोत छान येतं. बशीरभाईंनी दोन मिनिटं सहन केलं आणि भाषण चालू असताना पुढे होऊन झाकण ठेवून दिलं.

"सर, धुकं म्हंजे आपला मालच उडून चाललाय," ते प्राचार्यांच्या कानात म्हणाले. माइक चालू होता. पाहुण्यांनी मग स्वतःच्या रक्ताची एक नळी समारंभपूर्वक विज्ञानाला अर्पण केली. तिचं विज्ञानाने काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. टाळ्या झाल्या, नळी कंटेनरमध्ये गेली.

बशीरभाईंचं एक वाक्य केंद्रात नियमासारखं झालं. सूक्ष्मदर्शकाखाली हव्या तशा पेशी दिसल्या की विद्यार्थी हुरळून जात, पेढ्यांची भाषा करत. बशीरभाई दारातून म्हणत, "तीन महिन्यांनी हात घालून बघितल्याबिगर गाभण म्हनायचं नाय." मॅडम हेच परिषदांमधून इंग्रजीत सांगत. इंग्रजीत ते दुप्पट लांब होई आणि गाय गळून जाई.

या सगळ्यात त्यांचं स्वतःचं काही गुंतलं असेल, हे मला वर्षभर कळलं नव्हतं. त्यांची बायको रुखसानाभाभी दिंडोरीच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायची. मणी मापाच्या पट्टीवर न मोजता नुसत्या नजरेने बारीक-जाड वेगळे करण्यात तिचा हात कोणी धरत नसे. तिची नजर कडेने मिटत चालली होती. आजार घराण्यातला, त्यावर औषध नाही. समोरचं तेवढं दिसे, नळीतून बघितल्यासारखं.

"नातीचं नाक दिसलं की कान जातात," ती मला हसत सांगायची. "मग एकेक करून बघून घेते, सगळं जागेवर हाय ना पोरीचं."

मॅडमचं काम नेमकं याच आजारावर होतं. रुग्णाच्या कातडीतल्या पेशी वाढवायच्या, पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यांना मूळ अवस्थेत मागे नेऊन मूलपेशी करायचं आणि त्यांतून डोळ्याच्या पडद्याच्या पेशी घडतात का बघायचं. भाभीने दंडावरचा डाळीएवढा तुकडा दिला. मॅडमनी तीनदा बजावलं, की हा उपचार नाही, तुम्हाला याचा उपयोग कदाचित कधीच होणार नाही. "कळलं," भाभी म्हणाली. "तुम्ही कामाला तर लागा." तिच्या पेशींच्या तीन नळ्या कंटेनरमध्ये गेल्या. त्या आठवड्यापासून बशीरभाई रविवारीही येऊ लागले.

पुढच्या वर्षी शहरात एक क्लिनिक निघालं. मूलपेशींची सुई डोळ्यात, महिन्याभरात नजर परत, अशी जाहिरात होती. मॅडमनी सांगितलं की याला आधार नाही, आहे ती नजरही जाईल. भाभी ऐकेना.

"मॅडम 'कदाचित' म्हणतात," ती म्हणाली. "हे लोक तारीख देतात."

तिथले इंग्रजी कागद वाचायला बशीरभाईंनी मला सोबत घेतलं. क्लिनिकमध्ये भिंतीवरून शोभेचं पाणी वाहत होतं. काचेच्या कपाटात, दिव्याखाली, चकचकीत कंटेनर ठेवला होता. डॉक्टर भाभीशी अतिशय गोड बोलले. पेशी आमच्या स्वतःच्या बँकेतल्या, ह्या काय इथेच, म्हणाले.

बशीरभाई कंटेनरकडेच बघत होते. "झाकणाला आटे हायेत, सर," ते मला हळूच म्हणाले. "नायट्रोजनच्या भांड्याला कोनी घट्ट झाकण लावत नाय. वाफ कोंडली तर फुटंल." मग डॉक्टरांना, "जरा उघडून दावता का?"

"काका, उघडलं तर पेशी मरतील."

"आमी रोज उघडतो."

डॉक्टरांना फोन आला आणि ते आत गेले. बशीरभाईंनी कपाटाची काच सरकवली, झाकण फिरवून काढलं आणि पिशवीतून पट्टी काढून बुडवली. हवेत हलवली. चष्मा कपाळावर गेला. पट्टी होती तशीच होती. त्यांनी ती आधी स्वतःच्या गालाला लावली आणि मग भाभीच्या हातात दिली. तिने खालपासून वरपर्यंत बोटं फिरवली. लाकूड कोरडं होतं, खोलीइतकंच गरम.

"चला," ती म्हणाली.

रिक्षा द्वारका चौकात सिग्नलला थांबली. मग भाभी म्हणाली, "एक दिन ये पट्टी घर पे नहीं रख सकते थे?"

बशीरभाईंनी तिच्या हातातली पट्टी घेऊन फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "जितना दिखता है, उतना तो रहने दे."

पुढचे आठ दिवस त्यांचा डबा आला नाही. ते कॅन्टीनचा वडापाव खात होते. नवव्या दिवशी डबा आला. भाभीची उरलेली नजर त्यानंतर दोन वर्षं टिकली. नात पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा तिच्या दोन वेण्या भाभीने बघितल्या, आधी एक, मग दुसरी. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

गेल्या हिवाळ्यात बशीरभाई गेले. चहा घेता घेता छातीत कळ आली, तेवढंच. महिन्याभराने भाभी नातीचा हात धरून कॉलेजात आली आणि फडक्यात गुंडाळलेली पट्टी मॅडमसमोर ठेवली.

"माझ्या पेशींचं काय झालं?" तिने विचारलं.

"पुण्याला पाठवलेल्या एका नळीतून पडद्याच्या पेशी घडल्या. आता त्या उंदरांच्या डोळ्यांत घातल्या आहेत."

"दिसतं त्यांना?"

मॅडमनी पट्टी उचलून हातात घेतली. त्या 'कदाचित' म्हणणार, असं मला वाटलं. "तीन महिन्यांनी कळेल," त्या म्हणाल्या.

भाभीने मान डोलावली. "मग तोवर गाभण नाय म्हणायचं."

ती गेल्यावर मॅडमनी आणि मी यादी घेऊन कंटेनरमधल्या नळ्या तपासल्या. भाभीच्या उरलेल्या दोन नळ्या यादीप्रमाणे वरच्या कप्प्यात हव्या होत्या. त्या तिथे नव्हत्या. मॅडमचा चेहरा उतरला. शेवटी त्या तळाशी सापडल्या. नायट्रोजन वरून उडत जातो. भरायला उशीर झाला तर सगळ्यात आधी वरचा कप्पा उघडा पडतो आणि तळ सगळ्यात शेवटी.

भाभीच्या नळ्यांच्या जागी, अगदी तोंडाशी, प्रमुख पाहुण्यांचं रक्त होतं.

मॅडमनी काही हलवलं नाही. यादी दुरुस्त केली.