आपल्याच गर्भाकडे बघताना

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. अमळनेरजवळच्या आमच्या गावात तोंडावर कुणी वाईट बोलत नसे. पण धाकट्या जावेच्या मुलाचं बारसं होतं तेव्हा सासूबाईंनी मला चुलीपाशीच बसवलं. "तू आठेच बस, तठे गर्दी शे," म्हणाल्या. गर्दी नव्हती. पुढं कुणी सांगायची गरजच उरली नाही. बाळ दिसलं की मी आपोआप मान खाली घालायचे. माझी नजर वाईट, हे मलाच पटलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा जळगावच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू झाले. लॅबचं काम करायला मुंबईहून एक बाई यायच्या. माझं बीज आणि यांचं बीज त्यांनी काचेच्या बशीत एकत्र ठेवलं. गर्भ पोटात सोडायच्या दिवशी आम्हाला दुर्बिणीला जोडलेल्या टीव्हीसमोर उभं केलं.

"बघा ताई, तुमचा गर्भ. आधी एकच पेशी होती, आता चार झाल्या."

मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्याच्या धडधाकट बाळाकडे बघायची मला चोरी. एवढ्याशा जिवाकडे कशी बघू?

हे मात्र वाकून वाकून बघत होते. "चार दाना शेतस वं, भिजेल साबुदाणासारखा! देख तरी."

"तुम्हीच देखा."

"मंग काय मना डोया काढी दिऊ तुले?"

लॅबच्या बाई खुदकन हसल्या. मी डोळे उघडले.

पांढुरक्या पडद्यावर चार गोल एकमेकांना टेकून होते. एक जरा लहान होता. बाळासारखं त्यात काहीच नव्हतं. तरी मी बघतच राहिले.

तो गर्भ राहिला नाही. पाळी आली तेव्हा आधी हेच मनात आलं, की बघायला नको होतं. यांनाही बोलले नाही. पुढच्या खेपेला लॅबच्या बाईंना कसंबसं विचारलं, "मी पाहिलं म्हणून तर..."

त्या म्हणाल्या, "ताई, मी इथं सगळ्यांचे गर्भ बघते. काही राहतात, काही नाही राहत. का, ते पुष्कळदा मलाही कळत नाही. मग माझीही नजर वाईट म्हणायची का?"

त्यांनी टीव्ही लावला तेव्हा मी यांच्या पुढं जाऊन उभी राहिले. या वेळी तीन गर्भ होते. एकेकाकडे सावकाश बघितलं. पुरे आता, असं कुणी म्हणालं नाही.