ओली दोरी

आमच्या साखरशेत गावात नवशानं बांधलेला कूड रेड्यानं धडक दिली तरी हलायचा नाही. कारवीच्या काठ्या उभ्या करायचा नि पळसाच्या मुळीची दोरी भिजवून बांधायचा. वाळली की दोरी आपसूक आवळते, ही त्याची सगळी विद्या. पण हट्टी असा, की कुणाचं ऐकेल तर शपथ! मी शेजारीण, मला विचारा.

तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं. नवशाची बायको रामी सरपण आणताना उतारावरून घसरली आणि नडगी मोडली. हाड बसवणारा म्हातारा राहायचा खोडाळ्याला. "त्याला कशाला बोलवायचं?" नवशा म्हणाला. "घरं बांधतो मी, पाय बांधता येत नाही व्हय?" बांबूच्या कामट्या लावल्या, वर दोरी गुंडाळली. ओलीच.

उन्हं चढली तशी दोरी वाळली. रामी ओरडायला लागली, "सैल कर रे, मेले मी!"

"घट्ट बसल्याबिगर हाड सांधेल कसं?" तो आपला ठाम. मी कोयता घेऊन गेले, तर माझ्यावरच डोळे वटारले.

मग एका सकाळी रामी गप्प झाली. दुखायचं थांबलं म्हणाली. नवशाला कोण आनंद! "बघ धोंडीबाय," मला म्हणाला, "उगाच बोंबलत होतीस." मला ते गप्प होणंच खटकलं. आम्ही चुलीपाशी बसलो होतो. निखारा उडाला नि तिच्या पायाच्या बोटांवर पडला. रामी बोलतच राहिली. वास सुटला तेव्हा म्हणते, "काय करपतंय गं?"

दोरी मीच कापली. पाऊल थंडगार, काळंनिळं. नवशानं पुढं कितीतरी दिवस झाडपाला बांधला. मांस गळत गेलं, आतली नडगी उघडी पडली. तेव्हा कुठं तिला डोलीत घालून जव्हारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं हाड खरवडून पाहिलं. रक्ताचा थेंब नाही.

"रक्त पोचलं नाही, हाड मेलंय. पाय कापावा लागेल."

"हाडाला कुठं जीव असतो?" नवशा म्हणाला.

पाय कापला, रामी वाचली. नवशा तिच्यासाठी कुबडी करायला बसला. वरची आडवी काठी तेवढी बांधायची होती. पण ओली दोरी हातात घेतली की आवळायचाच नाही, गाठ सैल पडायची. मला त्याचा राग येत होता नि कीवही येत होती.

शेवटी रामीनंच दोरी ओढून घेतली, एक टोक दातांत धरलं आणि करकचून आवळली.

"हे लाकूड आहे रे," ती म्हणाली. "यात जीव नाही."